यंत्र कागदावर उतरवताना

साहित्य मंडळाच्या अंकात यंत्राच्या आकृत्यांवर लेख पाहून काहींच्या भुवया वर जातील. पण आकृती ही वाचायचीच गोष्ट आहे. तिला लिपी आहे, व्याकरण आहे, आणि ती चुकीची वाचली तर अर्थाचा अनर्थ होतो. आपल्या मंडळात विज्ञान, वाणिज्य आणि कला अशा तिन्ही शाखांची मंडळी आहेत, म्हणून हा लेख ड्रॉइंगचा 'डी'ही न शिकलेल्या वाचकाला समजेल असा लिहिला आहे. उदाहरणाला एकच यंत्र घेऊ आणि ते आकृत्या काढत काढत समजून घेऊ.

एक दांडा, पाच कामं

हे यंत्र म्हणजे शॉपस्मिथ. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत घराच्या गॅरेजमध्ये सुतारकाम करण्याची हौस वाढत होती, पण जागा आणि पैसा दोन्ही मोजकेच होते. करवतीचं टेबल, लेथ, ड्रिल ही यंत्रं वेगवेगळी घ्यायची तर गॅरेजमध्ये गाडीला जागा उरणार नाही! जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या हान्स गोल्डश्मिट यांनी यावर तोड काढली, आणि १९४७ च्या सुमारास त्यांचं यंत्र बाजारात आलं. १९५० च्या दशकात त्याची सुधारलेली आवृत्ती, मार्क फाइव्ह, आली. आपण पाहणार आहोत ती हीच.

मार्क फाइव्हमध्ये मोटर एकच आणि काम करणारा मुख्य दांडा, म्हणजे स्पिंडल, तोही एकच. त्याच दांड्यावर कधी १० इंची गोल करवत बसते, कधी १२ इंची घासायची तबकडी, कधी ड्रिलचा चक, तर कधी लेथवर लाकूड फिरवणारं टोक. शिवाय सगळा सांगाडा ९० अंशात उभा करता येतो, मग आडवं ड्रिल उभं होतं. करवत, लेथ, घासणं, उभं ड्रिल आणि आडवं ड्रिल अशी पाच कामं झाली.

ऐकायला सोपं वाटतं. पण यंत्रासमोर उभं राहिलं की गोंधळ उडतो. हँडल पुष्कळ आणि प्रत्येक हँडल काहीतरी सैल करतं किंवा घट्ट करतं. एका कामात जो भाग स्थिर असतो तोच दुसऱ्या कामात सरकतो. फोटो काढून हा गोंधळ सुटत नाही, कारण फोटोत सगळंच सारखं महत्त्वाचं दिसतं. आकृती काढणाऱ्याला मात्र प्रत्येक रेघेआधी ठरवावं लागतं, हा भाग कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो? समजणं तिथूनच सुरू होतं.

पहिली पायरी : कच्चं चित्र आणि नावं

सुरुवातीला पट्टी, कंपास बाजूला ठेवा. मशीनचा प्लग काढा (नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही), भोवतीनं एक फेरी मारा आणि हातानंच कच्चं चित्र काढा. प्रमाण चुकलं तरी चालेल, भाग चुकता कामा नये.

मार्क फाइव्हचे ठोकळ भाग असे. खाली पाय आणि आडवा पाया. त्यावर दोन समांतर लोखंडी नळ्या, हा यंत्राचा कणा. नळ्यांवर एका बाजूला हेडस्टॉक, त्यात मोटर, पट्टे आणि स्पिंडल. त्याच नळ्यांवर सरकणारी कॅरेज, तिच्यावर टेबल. आणि दुसऱ्या टोकाला लेथच्या कामात लाकडाचं दुसरं टोक धरणारा आधार.

आता प्रत्येक भागाला नाव द्या. साहित्य मंडळाच्या माणसांना इथं खरी मजा येईल. कारखान्यातली मंडळी हेडस्टॉक, कॅरेज, पुली हेच शब्द वापरतात आणि त्यात काही वाईट नाही. पण सुतारकामाचे आपले शब्दही अजून जिवंत आहेत : करवत, रंधा, पटाशी, सामता, गुण्या. लेथवर लाकूड कातणारा तो कातारी. सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कातकाम म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. आकृतीवर नावं लिहिताना एकच पथ्य पाळायचं : एका भागाला एकच नाव. कवितेत एका चंद्राला दहा नावं शोभतात, आकृतीत एका कप्पीला दोन नावं पडली की दुसऱ्या दिवशी आपणच विचारतो, ही दुसरी कप्पी कुठली?

दुसरी पायरी : मापं, आणि सुताची गंमत

मापं घेताना मोठी अंतरं टेपनं आणि बारीक व्यास व्हर्नियर कॅलिपरनं घ्या. स्पिंडलचा व्यास मोजलात तर १५.८७ किंवा १५.८८ मि.मी. असं काहीतरी येईल. हात शिवशिवतात, १६ लिहून टाकावंसं वाटतं. लिहू नका. हे यंत्र इंचांत घडलेलं आहे आणि तो व्यास ५/८ इंच आहे.

आपल्या सुताराला हे क्षणात कळेल. त्याच्याकडे एका इंचाचे आठ सूत होतात, म्हणजे स्पिंडल बरोब्बर पाच सुताचा. क्विल म्हणून जो भाग स्पिंडलला घेऊन पुढं सरकतो, त्याची चाल सव्वाचार इंच, म्हणजे चौतीस सूत. मेट्रिकमध्ये वेडेवाकडे दिसणारे आकडे सुतात आणले की सरळ होतात. यंत्र कोणत्या मापात विचार करून बनवलं आहे हे ओळखणं, म्हणजे मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे आधी ओळखण्यासारखं आहे. १६ मि.मी.चं भोक पाडलेला भाग त्या दांड्यावर बसेल खरा, पण किंचित सैल बसेल. आणि वेगानं फिरणाऱ्या वस्तूचा किंचित सैलपणा म्हणजे थरथर.

तिसरी पायरी : तीन बाजूंनी पाहणं

कच्च्या चित्रावरून आता नीट आकृत्या काढायच्या. समोरून, वरून आणि बाजूनं अशी तीन दृश्यं. एकाच वस्तूची तीन सपाट चित्रं एकमेकांशी जुळवून मांडण्याची ही रीत शास्त्र म्हणून घडवली फ्रान्सच्या गास्पार मोंज यांनी. अठराव्या शतकात ते लष्करी अभियंत्यांच्या शाळेत होते, आणि किल्ल्यांच्या बांधणीत तिचा इतका उपयोग झाला की ती बराच काळ लष्करी गुपित म्हणून राखली गेली. १७९५ मध्ये त्यांनी ती पॅरिसमध्ये उघडपणे शिकवली.

इथं एक खाचखळगा आहे. भारतात आपण शाळा-कॉलेजात 'फर्स्ट अँगल' पद्धत शिकतो. तिच्यात वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात आणि डावीकडून दिसणारं उजवीकडे. अमेरिकेत 'थर्ड अँगल' चालते. तिथं वरचं दृश्य वर आणि उजवीकडचं उजवीकडे. शॉपस्मिथ अमेरिकेचं, त्यामुळं त्याच्या मूळ आकृत्या आपल्या सवयीनं वाचल्या तर बाजू उलट्या होतात. टेबल उजवीकडे कलतं की डावीकडे, याचं उत्तर चुकतं. म्हणून कागदाच्या कोपऱ्यातली ती छोटीशी खूण, टोक छाटलेल्या शंकूची, आधी बघायची. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडायचं हे जसं आधी माहीत हवं, तसंच हे.

तीन दृश्यांतून काय मिळतं? समोरून पाहिलं की लक्षात येतं, हेडस्टॉक आणि कॅरेज दोन्ही एकाच जोड-नळीवर सरकतात, म्हणजे लांबीच्या दिशेनं दोघांची रांग आपोआप जुळते. बाजूच्या दृश्यात वेगळीच गोष्ट दिसते. नेहमीच्या करवत-टेबलात टेबल स्थिर असतं, पातं वरखाली होतं आणि कलतं. इथं पात्याचा दांडा जागचा हलत नाही, टेबलच वर-खाली होतं आणि टेबलच कलतं. म्हणजे तिरका काप घेताना लाकूड उतारावर असतं आणि उताराच्या दिशेनं घसरू पाहतं. त्याला आधार कुठल्या बाजूनं द्यायचा हे बाजूच्या दृश्यात बाण काढला की लगेच कळतं. करवतीसमोर उभं राहून ते सुचेलच असं नाही.

हलणाऱ्या भागांसाठी एक सोय आहे. भाग आत्ता जिथं आहे तिथं अखंड रेघेनं काढायचा, आणि सरकून जिथवर जाऊ शकतो ती जागा बारीक साखळी-रेघेनं, एक लांब रेघ आणि मग दोन ठिपके अशी. पाचही कामांच्या पाच आकृत्या अशा काढल्या आणि पातळ कागदावर एकावर एक ठेवल्या, की पाचही ठिकाणी न बदलणाऱ्या रेघा गडद दिसतात. मार्क फाइव्हमध्ये त्या दोनच गोष्टींच्या असतात : नळ्यांची जोडी आणि त्यांच्याशी समांतर असलेला स्पिंडलचा अक्ष. सगळं यंत्र या दोन समांतर रेषांवर उभं आहे. त्यांची समांतरता बिघडली की पाचही कामं एकदम बिघडतात. एखादं काम वाकडं होऊ लागलं तर कशाची तपासणी आधी करायची, हे कागदानं सांगितलं.

चौथी पायरी : कापून बघणं

आतापर्यंत आपण यंत्राच्या अंगणातच होतो. आत जायला छेद-चित्र लागतं. भोपळा सुरीनं कापून बी दाखवावी, तसा हेडस्टॉक मनातल्या मनात उभा कापायचा आणि कापलेल्या धातूवर ४५ अंशांच्या तिरक्या रेघा मारायच्या. शेजारच्या भागाच्या रेघा उलट्या दिशेनं, म्हणजे दोन भाग वेगळे उठून दिसतात. दांडे, बोल्ट, खिळ्या मात्र लांबीत कापल्या तरी त्यांच्यावर रेघा मारत नाहीत, अखंडच दाखवतात. तसं केलं नाही तर त्यांचा आकार रेघांच्या गर्दीत हरवतो.

छेद काढताना पहिला प्रश्न पडतो तो असा : ड्रिल करताना स्पिंडल फिरतोही आणि पुढंही जातो. पट्टा तर एका जागी आहे. मग फिरणं चालू राहतं कसं?

उत्तर दोन नळकांड्यांत आहे. बाहेरचं क्विल फिरत नाही, फक्त पुढं-मागं होतं. त्याच्या अंगावर दातेरी पट्टी आहे आणि हँडलला जोडलेलं छोटं दातेरी चाक तिला ढकलतं. क्विलच्या आत बेअरिंगवर स्पिंडल फिरतो. स्पिंडलच्या मागच्या भागावर लांबीभर खाचा आहेत, आणि त्या खाचा पट्ट्यानं फिरणाऱ्या एका बाहीत बसतात. बाही जागच्या जागी फिरते, खाचांमुळं स्पिंडलला फिरवते, पण त्याला लांबीत सरकायला मोकळीक देते. छत्रीच्या दांड्यावर कडी वरखाली सरकते तशी ही चाल, फक्त इथं दोघं एकमेकांबरोबर फिरतातही.

हीच क्विलची चाल बाकीच्या कामांतही उपयोगी पडते. करवत लावलेली असताना पातं केसभर बाजूला घ्यायचं असेल तर क्विल सरकवा. घासताना तबकडी लाकडाकडे न्यायची असेल तरी क्विलच. एक सोय, अनेक उपयोग. चांगल्या यंत्राची आणि चांगल्या म्हणीची ही एकच कसोटी.

पाचवी पायरी : पट्टा आणि वेग

सगळ्यात मोलाची आकृती आता येते. मोटरचा वेग मिनिटाला ३४५० फेऱ्या, ठरलेला. स्पिंडलचा वेग मात्र साधारण ७०० ते ५२०० फेऱ्यांपर्यंत एक बटण फिरवून बदलतो. गिअर नाहीत. मग होतं काय?

दोन बशा बुडाला बुड लावून धरल्या की मधे इंग्रजी 'व्ही'सारखी खाच होते. कप्पी अशीच असते आणि पट्टा त्या खाचेत बसतो. आता बशा एकमेकींपासून थोड्या दूर करा. पट्टा खाचेत खोल उतरेल, म्हणजे कप्पी जणू लहान झाली. जवळ आणा. पट्टा वर चढेल, कप्पी मोठी झाली. मोटरच्या दांड्यावर अशी एक कप्पी आहे, तिची एक बशी वेगाच्या बटणानं सरकते. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मधल्या दांड्यावर दुसरी कप्पी, तिची एक बशी स्प्रिंगनं दाबलेली. पहिली मोठी होताना पट्टा ताणला जातो, स्प्रिंग दबते आणि दुसरी लहान होते. मधल्या दांड्यावरून दुसरा पट्टा स्पिंडलच्या बाहीला फिरवतो.

दोन्ही कप्प्या एकदम बदलतात म्हणून एवढा पल्ला मिळतो. ५२०० भागिले ७०० म्हणजे जवळजवळ साडेसात पट. प्रत्येक कप्पीचा कामाचा व्यास पावणेतीन पट बदलला तरी पुरे, कारण पावणेतीन गुणिले पावणेतीन साडेसातच्या आसपास जातं.

जाता जाता एक हिशेब. हे आकडे अमेरिकेच्या ६० हर्ट्झ विजेचे. आपल्याकडे ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, हर्ट्झ नाही. तीच मोटर इथं ५/६ वेगानं, म्हणजे सुमारे २८७५ फेऱ्यांनी फिरेल, आणि बटणावर लिहिलेला प्रत्येक वेग एक षष्ठांशानं खोटा ठरेल.

कागदानं वाचवलेली बोटं

आता या आकृतीकडे बघून एक प्रश्न विचारा. मशीन बंद असताना वेगाचं बटण फिरवलं तर काय होईल?

वेग वाढवायचा म्हणजे मोटरवरच्या बशा जवळ आणायच्या. पट्टा फिरत असेल तर तो हळूहळू वर चढत जातो. पण पट्टा थांबलेला असेल तर चढणार कसा? तो बशांमध्ये चिमटला जातो आणि सगळा जोर बटणामागच्या भागांवर येतो. उलट दिशेनं फिरवलं तर बशा दूर जातात आणि थांबलेला पट्टा नुसता सैल पडतो. म्हणून या यंत्राचा नियमच आहे : वेग बदलायचा तो मशीन चालू असतानाच. आकृती न काढता हा नियम पाठ केला तर तो विचित्र वाटतो, कारण बाकी सगळीकडे 'आधी बंद करा' हेच आपण शिकलेलो असतो. आकृती काढली की नियम पाठ करावाच लागत नाही.

आणि या नियमाच्या पोटात दुसरा, जास्त मोठा नियम लपलेला आहे. १० इंची करवत मिनिटाला ३५०० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिच्या दातांचा वेग ताशी १६५ किलोमीटरच्या वर जातो. करवतीला तो हवाच. काम झालं, बटण बंद केलं, करवत काढली, लेथ जोडला आणि १२ इंची वाडग्याचा ओबडधोबड ओंडका चढवला. पट्टा कुठं आहे? जिथं होता तिथंच, करवतीच्या वेगावर. मशीन बंद असताना तो खाली आणता येत नाही. चालू करताच तो ओंडका ३५०० फेऱ्यांकडे धाव घेईल, आणि त्याचा काठ ताशी दोनशे किलोमीटर गाठायच्या आधीच तो बहुधा सुटून कातारीच्या तोंडाकडे येईल. ७०० फेऱ्यांवर त्याच काठाचा वेग ताशी ४० किलोमीटर असतो.

म्हणून शहाणा माणूस मशीन बंद करण्याआधी वेग सर्वांत खाली आणतो. दरवेळी. पुढचं काम कोणतं आहे, पुढं कोण येणार आहे, याचा विचार न करता. पाच यंत्रांचं एक यंत्र केलं की पाचांचे धोकेही एकाच बटणात येऊन बसतात, आणि ते बटण मागच्या कामाची आठवण ठेवून असतं.

आपल्याकडचं मशीन

शॉपस्मिथ आपल्या गल्लीत दिसत नाही, पण त्याचा लांबचा भाऊ दिसतो. फर्निचरच्या कामावर सुतार टेम्पोतून जे रंध्याचं मशीन उतरवतात, ते नीट बघा. अनेक मशीनांत एकाच दांड्यावर मधे रंध्याच्या पात्यांचा ड्रम, एका टोकाला गोल करवत आणि दुसऱ्या टोकाला ड्रिलचा चक असतो. म्हणजे रंधा मारताना बाजूची करवतही फिरतेच.

याचं वरून दिसणारं दृश्य काढा आणि एक लाल पेन्सिल घ्या. बटण दाबल्यावर जे जे फिरतं ते ते लाल करा. वापरात आहे ते नव्हे, फिरतं ते. मग माणूस कुठं उभा राहतो, हात कुठून जातो, भुसा झाडायला दुसरा कुठून वाकतो, हे निळ्यानं काढा. लाल आणि निळं जिथं एकमेकांजवळ येतं तिथं झाकण हवं. यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. मराठीच्या एम.ए.चा विद्यार्थीसुद्धा हे करू शकतो, आणि ज्या सुतारकाकांचं मशीन आहे त्यांना ती आकृती दाखवली तर तेही रस घेऊन चार गोष्टी दुरुस्त करून देतात. कारण त्यांच्या हातांना जे ठाऊक असतं ते कागदावर फारसं कुणी उतरवलेलं नसतं.

कॉम्प्युटरवर हे सगळं करता येतं, आणि पुढं जरूर करावं. पण पहिली आकृती हातानं काढा. कॉम्प्युटर बोल्टचं तयार चित्र चिकटवून देतो. हातानं काढताना मात्र प्रश्न पडतो, हा बोल्ट इथं कशासाठी आहे?

करून बघायचं असेल तर घरातल्या साध्या गोष्टीपासून सुरुवात करा. शिलाई मशीन, सायकलचा ब्रेक, नारळ खोवायची यंत्रणा. तीन दृश्यं, एक छेद, सगळ्या भागांना एकेक नाव आणि लाल पेन्सिल. एका रविवारी होण्यासारखं काम आहे. आकृत्या तयार झाल्या की मंडळाच्या फलकावर लावू, नावांसकट. मराठीत त्या भागांना तुमच्या घरी काय म्हणतात तेही खाली लिहा, बेळगावात, पणजीत आणि कोल्हापुरात तीन वेगळे शब्द निघाले तर आणखी चांगलं.